ट्रेलरमधला पीडब्ल्यूएम सोलर कंट्रोलर काढून एमपीपीटी बसवायचाय: किती अँपिअरचा, आणि वायरी बदलाव्या लागतील का?

खुली_वाट

नमस्कार मंडळी,

कॅम्पर ट्रेलरच्या छतावर १६० वॉटची दोन पॅनेलं सपाट बसवलेली आहेत, सध्या पॅरललमध्ये. लेबलवर प्रत्येकाचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच न जोडता) २२.५, व्हीएमपी (सर्वाधिक वॉट देतानाचं व्होल्टेज) १८.५ व्होल्ट आणि आयएमपी (तेव्हाचा करंट) ८.६५ अँपिअर असं दिलंय. छतावरून कंट्रोलरपर्यंत साधारण ६ मीटर वायर आहे, तिथून बॅटरीपर्यंत आणखी ३ मीटर. दोन्ही ४ चौरस मिमी. कंट्रोलर २० अँपिअरचा पीडब्ल्यूएम, म्हणजे पॅनेल जवळपास बॅटरीच्याच व्होल्टेजवर चालवणारा; एमपीपीटी पॅनेलचं जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलतो. दिवे, पाण्याचा पंप आणि पंखा त्याच्याच लोड टर्मिनलवर आहेत, फ्रिज मात्र थेट बॅटरीवर. बॅटरी १०० एएच (अँपिअर-तास) एजीएम, म्हणजे बंदिस्त लेड-ॲसिड आहे. ती काढून तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बसवायची आहे.

भर उन्हातही १४-१५ अँपिअरच्या वर आकडा सरकत नाही. संध्याकाळपर्यंत बॅटरी भरत नाही आणि पहाटे फ्रिज कमी व्होल्टेजमुळे बंद पडतो.

विचारायचंय ते असं: कंट्रोलर किती अँपिअरचा घ्यावा? पॅनेलं सिरीजमध्ये घ्यावीत का? जुन्या वायरी चालतील का? आणि पुढे १२० वॉटचं घडीचं पॅनेल जोडायचं असेल तर ते याच कंट्रोलरवर जाईल का?

तांब्याची_तार

आधी वायरींचा हिशोब करू, कारण तुमची निम्मी अडचण तिथेच आहे.

तांब्याच्या वायरीतली व्होल्टेजची घट काढायला: २ × लांबी मीटरमध्ये × अँपिअर × ०.०१७५, भागिले वायरीचा छेद चौरस मिमीमध्ये. पॅरललमध्ये छतावरून १७.३ अँपिअर येतात. ६ मीटर आणि ४ चौरस मिमीला घट होते ०.९ व्होल्ट. पुढच्या ३ मीटरमध्ये १५ अँपिअरला आणखी ०.४. म्हणजे बॅटरी १४.४ व्होल्टवर न्यायची तर पॅनेलवर १५.७ व्होल्ट तरी हवेत.

आता लेबलवरचे १८.५ व्होल्ट हे सेलचं तापमान २५ अंश असतानाचे. छताला चिकटलेलं सपाट पॅनेल कडक उन्हात सहज ६० अंशांवर जातं आणि व्हीएमपी दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने उतरतं. म्हणजे उरतात १५.९. गरज १५.७ ची, हाताशी १५.९. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात पीडब्ल्यूएमला जागाच उरत नाही, आणि बॅटरी न भरण्याचं हे सरळ कारण आहे.

तीच दोन पॅनेलं सिरीजमध्ये घेतली की व्होल्टेज ३७, करंट ८.६५. त्याच ६ मीटर वायरीत घट ०.४५ व्होल्ट, म्हणजे जेमतेम सव्वा टक्का. पॅरललमध्ये हीच घट पाच टक्क्यांच्या घरात होती. त्यामुळे छतावरची ४ चौरस मिमीची वायर तशीच राहू द्या, तिला हात लावू नका.

कंट्रोलर ते बॅटरी मात्र बदलायलाच हवी. एमपीपीटीतून २२ अँपिअर निघाले तर तुमच्या ३ मीटर वायरीत ०.५८ व्होल्ट जातील. कंट्रोलर स्वतःच्या टर्मिनलवर १४.२ मोजेल, बॅटरीला मिळतील १३.६. त्याला वाटेल बॅटरी भरत आली, आणि तो वेळेआधीच करंट कमी करत जाईल. कंट्रोलर बॅटरीपासून १ मीटरच्या आत आणा आणि १० चौरस मिमीची वायर घाला, घट ०.०८ व्होल्टवर येते. लांब वायर पॅनेलच्या बाजूला आणि आखूड वायर बॅटरीच्या बाजूला, हे एवढं पाळलं तरी खूप फरक पडतो.

आकार: ३२० वॉट भागिले १३.५ म्हणजे २३-२४ अँपिअर, तेही कागदावर. व्हिक्ट्रॉन कंपनीचं उदाहरण घेतलं तर १००/२० हा १२ व्होल्टवर २९० वॉटपर्यंत आणि १००/३० हा ४४० वॉटपर्यंत धरलाय. पहिला आकडा पॅनेलच्या कमाल व्होल्टचा, दुसरा बॅटरीकडच्या अँपिअरचा. सपाट पॅनेलं २९० वॉटच्या वर क्वचितच जातात, म्हणून १००/२० पुरेल. गेली तरी तो २० अँपिअरला थांबतो, बिघडत नाही. छतावर तिसरं पॅनेल कधी येणार असेल तर ३० चा घ्या.

व्होल्टची मर्यादा मात्र अशी माफ करत नाही. ओपन सर्किट व्होल्टेज थंडीत वाढतं: २५ अंशांच्या खाली दर अंशाला साधारण ०.३ टक्का. दोन पॅनेलांचे ४५ व्होल्ट उणे ५ अंशांना ४९ होतात. मर्यादा ५० व्होल्टची असलेला कंट्रोलर इथे मुळीच घेऊ नका. पहाटे पॅनेल थंड असताना पहिलं ऊन पडतं तेव्हाच असे कंट्रोलर जळतात.

झाडाखाली

सिरीजबद्दल थोडं वेगळं मत. ट्रेलर बहुतेक वेळा झाडाखाली उभा राहणार असेल तर पॅरललच ठेवा. सिरीजमध्ये एका पॅनेलवर सावली आली की त्या पॅनेलचे बायपास डायोड चालू होतात आणि त्याचा निम्मा किंवा पूर्ण भाग वाटेतून बाजूला होतो. कंट्रोलरला सर्वाधिक वॉट देणारं नवं व्होल्टेज शोधावं लागतं. फांदी हलत असेल तर कंट्रोलर सतत शोधतच राहतो. पॅरललमध्ये सावलीतलं पॅनेल कमी देतं, दुसरं आपलं काम करत राहतं.

मात्र पॅरलल ठेवायचं तर छतावरची वायर १० चौरस मिमी करा. आणि एक लक्षात घ्या: असे एमपीपीटी चालू व्हायला पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा ५ व्होल्टने जास्त लागतं, चालू झाल्यावर १ व्होल्ट पुरतो. तापलेल्या पॅनेलांना पॅरललमध्ये हे सकाळी उशिरा आणि ढगाळ दिवशी जड जातं. उघड्या मैदानात थांबणार असाल तर सिरीजच बरं.

फायद्याबद्दलही अपेक्षा नेमकी ठेवा. थंड, स्वच्छ हवेत आणि बॅटरी रिकामी असताना पीडब्ल्यूएमपेक्षा २५ टक्क्यांपर्यंत जास्त मिळतं. कडक उन्हाळ्यात नुसता कंट्रोलर बदलून ७-८ टक्केच. तुमच्याकडे वायरींतली घट मोठी आहे म्हणून फरक जास्त जाणवेल. ज्यांची बॅटरी दुपारी दोनलाच भरते त्यांनी या खर्चात पडूच नये.

खुली_वाट

दोघांचेही आभार, आकडेमोड पटली. ट्रेलर बहुतेक उघड्यावरच असतो, तेव्हा सिरीज. १००/३० घ्यावा म्हणतोय. पण त्याला लोड टर्मिनल दिसत नाही. मग दिवे, पंप कुठे जोडू? जुन्या कंट्रोलरवर पॅनेलची आणि बॅटरीची निगेटिव्ह वेगवेगळी आहे, तर बॅटरीची निगेटिव्ह चॅसीला बोल्ट केलेली आहे. त्यात काही गडबड होईल का?

फ्यूज_आधी

बरोबर, १००/३० ला लोड टर्मिनल नाही. दिवे, पंप आणि पंखा वेगळ्या फ्यूज बॉक्सवर घ्या: बॅटरीपासून ६ चौरस मिमीची वायर, बॅटरीजवळ ३० अँपिअरचा फ्यूज, आणि बॉक्समध्ये प्रत्येक सर्किटला स्वतःचा. पंपाला त्याच्या लेबलवर लिहिलेलाच घाला. जुना कंट्रोलर कमी व्होल्टेजला लोड तोडत होता, ते काम आता कोणी करणार नाही. लिथियमचं बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट) शेवटच्या क्षणी तोडेल, पण रोज त्याच्यावर विसंबू नका. १२ व्होल्टला लोड तोडणारा बॅटरी प्रोटेक्टर फ्यूज बॉक्सच्या आधी बसवा.

चॅसीचा प्रश्न अगदी योग्य वेळी विचारलात. बरेच स्वस्त पीडब्ल्यूएम कॉमन पॉझिटिव्ह असतात. आत दोन्ही पॉझिटिव्ह एकच असतात आणि चालू-बंद करणारं काम निगेटिव्हवर होतं. नवा कॉमन निगेटिव्ह आहे, त्यामुळे बॅटरीची निगेटिव्ह चॅसीला असणं ठीकच. पॅनेलची निगेटिव्ह मात्र वेगळी चॅसीला नेऊ नका, ती सरळ कंट्रोलरच्या पॅनेल टर्मिनलवर आणा. बॅटरी मॉनिटरचा शंट (करंट मोजणारा भाग) असेल तर कंट्रोलरची निगेटिव्ह शंटच्या लोडच्या बाजूला. बॅटरीच्या बाजूला लावली तर सोलरचा करंट मोजलाच जाणार नाही आणि टक्केवारी रोज खोटी दिसेल.

कामाचा क्रम:

पॅनेलं जाड चादरीने झाका. मग एमसी४ जोड (पॅनेलच्या वायरींचे प्लग) सोडवा. चालू करंटवर कधीही सोडवू नका, डीसीची ठिणगी विझत नाही, जोड वितळतो. पॅनेल सुटल्यावर जुन्या कंट्रोलरची बॅटरी काढा. जोडताना उलट: आधी बॅटरी, मग पॅनेल. कंट्रोलर बॅटरी पाहून १२ की २४ व्होल्ट ते ठरवतो. बॅटरी नसताना पॅनेल लावलं तर तो चुकू शकतो, काही मॉडेल जळतातही. वापरलेला कंट्रोलर घेतला असेल तर सेटिंगमध्ये १२ व्होल्ट हाताने निवडा, कारण आधीचं २४ त्याच्या स्मरणात तसंच राहतं.

सिरीज करताना एका पॅनेलचा पॉझिटिव्ह दुसऱ्याच्या निगेटिव्हला जोडा. उरलेल्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. उन्हात ४० ते ४५ दिसायला हवेत. २० दिसले तर पॅरललचे वाय जोड अजून तसेच आहेत. उणे चिन्ह आलं तर ध्रुव उलटे आहेत, तिथेच थांबा.

बॅटरीकडच्या पॉझिटिव्हवर ४० अँपिअरचा मिडी फ्यूज (बोल्टने आवळायचा), बॅटरीच्या बोल्टपासून २० सेंटीमीटरच्या आत. लिथियम शॉर्ट झाली तर करंट प्रचंड असतो, काचेचा फ्यूज तो तोडू शकत नाही. पॅनेलच्या बाजूला डीसीसाठीच बनवलेला दोन पोलचा ब्रेकर लावा, निदान ६० व्होल्टचा. गाडीतले पात्याचे फ्यूज ३२ व्होल्टचे असतात, ४५ व्होल्टच्या सिरीजवर ते चालत नाहीत. ब्रेकरवर अधिक-उणे छापलेलं असेल तर दिशा पाळा. उलट लावलेला ब्रेकर तोडताना आतच पेटतो.

ट्रेलर हादरतो, म्हणून लग (वायरीच्या टोकाचे धातूचे कान) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, डाग देऊन चिकटवू नका. डागाचं शिसं वायरीत चढतं आणि जिथे ते संपतं तिथे वायर तुटते. स्क्रू टर्मिनलमध्ये जाणाऱ्या टोकांवर फेरूल (धातूची छोटी नळी) घाला. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर स्क्रू एकदा पुन्हा आवळा. कंट्रोलर उभा, वर-खाली १० सेंटीमीटर मोकळं ठेवून. ४० अंशांनंतर तो स्वतःहून करंट कमी करतो, तेव्हा बंद कपाटात कोंडू नका.

तांब्याची_तार

सेटिंग राहिल्या. लिथियम आयर्न फॉस्फेटसाठी ॲब्सॉर्प्शन (चार्जिंगचा शेवटचा टप्पा) १४.२, फ्लोट (भरल्यावर टिकवण्याचं व्होल्टेज) १३.५, इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) बंद, तापमानानुसार व्होल्टेज बदलणं बंद. बॅटरीच्या कागदावर वेगळं दिलं असेल तर कागद खरा. एजीएमची सेटिंग तशीच राहिली तर फ्लोट वर राहतो, आणि काही कंट्रोलर ठरावीक दिवसांनी इक्वलायझेशन करतात. तेव्हा बीएमएस तोडतं आणि पंखा, दिवे यांच्यावर व्होल्टेजची उसळी येते. शून्याच्या खाली चार्जिंग नको: सेलवर लिथियम धातू साचतो आणि क्षमता कायमची जाते. तापमानाचा सेन्सर जोडून ५ अंशांची मर्यादा लावा.

ओढणाऱ्या गाडीतून डीसी-डीसी चार्जर येत असेल तर त्याचेही आकडे हेच ठेवा. दोन्ही एकाच बॅटरीला बिनधास्त देतात, पण एकाचा आकडा खाली असेल तर तो लवकर थांबतो.

घडीचं पॅनेल या कंट्रोलरवर नको. ३७ व्होल्टच्या सिरीजला १८ व्होल्टचं पॅनेल पॅरलल केलं की छताची सिरीज १८ वर ओढली जाते. १२० वॉटला १० अँपिअरचा वेगळा छोटा एमपीपीटी लावा आणि दोघांचे आउटपुट एकाच बसबारवर (धातूच्या जोडपट्टीवर) आणा. घडीच्या पॅनेलमागे बहुधा कंपनीने पीडब्ल्यूएम चिकटवलेला असतो, त्याच्या आधीच वायर काढा. एका कंट्रोलरमागे दुसरा लावला तर दोन्ही चाचपडत राहतात.

झाडाखाली

तपासणी बॅटरी ७०-८० टक्क्यांवर असताना दुपारी करा. भरलेल्या बॅटरीवर १ अँपिअर दिसतो आणि लोक कंट्रोलर परत पाठवतात. पॅनेलचं व्होल्टेज ३२ ते ३७ च्या मध्ये आणि बॅटरीकडचा करंट पॅनेलकडच्यापेक्षा दुपटीहून जास्त दिसला पाहिजे, उदाहरणार्थ ७.५ अँपिअर आत आणि १८ बाहेर. व्होल्टेज ४० च्या वर अडकलं असेल तर कंट्रोलर पॅनेलमधून ओढतच नाही: बॅटरी भरलेली आहे, बीएमएसने तोडलंय किंवा फ्यूज उडालाय. ते १८ च्या आसपास असेल तर एका पॅनेलचे दोन्ही बायपास डायोड चालू आहेत, छतावर चढून सावली शोधा. पाच मिनिटं पूर्ण करंट चालू ठेवून प्रत्येक टर्मिनलला हाताची पाठ जवळ नेऊन बघा. जो बाकीच्यांपेक्षा गरम लागतो तोच सैल आहे. पॅनेलचा ब्रेकर पाडा, मग तो आवळा.