बॅकट्रेस तुटला की टूलला शिव्या का?

नांदेडकर: कालच्या पोस्टीत एकाने ठोकून दिलंय की पर्फच्या (लिनक्सवर प्रोग्रॅमचा वेळ कुठं जातो ते मोजणारं टूल) बॅकट्रेसमध्ये (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं ती यादी) दोन ओळींनंतर 'अननोन' आलं, म्हणजे टूलच भंगार. राहवलं नाही म्हणून लिहितोय. पर्फ रेकॉर्डला नुसतं -जी दिलं की युजर स्टॅकवर (आपल्या प्रोग्रॅमच्या, कर्नलच्या नव्हे) तो फ्रेम पॉइंटरची (स्टॅकमधल्या फंक्शनच्या जागेचा पत्ता) साखळी धरून मागे जातो. ऑप्टिमायझेशनमध्ये कंपायलरने आरबीपी (तो पत्ता ठेवायचं रजिस्टर) दुसऱ्याच कामाला जुंपला असेल तर तो धरणार काय? सीची मूळ लायब्ररी लिबसी हिच्यासकट सगळं फ्रेम पॉइंटर ठेवून बिल्ड करा, मग बोला. कर्नलच्या ४.१४ मध्ये आलेलं ऑर्क (स्टॅक उलगडायची दुसरी पद्धत) इथं कामाला येत नाही, ते कर्नलच्या स्टॅकपुरतंच.

जालनेकर: रजिस्टर काय फुकट येतं? फेडोरा या लिनक्सच्या वितरणात यावरून केवढं रण पेटलं होतं. ड्वार्फ (डीबगच्या माहितीवरून स्टॅक उलगडणं) वापरा, विषय संपला.

नांदेडकर: ड्वार्फमध्ये दर सॅम्पलला (पर्फ मधूनमधून टिपतो त्या नोंदीला) ८ केबी स्टॅक कॉपी होतो. डेटा फाइल फुगते, आणि खोल रिकर्शन असलं की तिथंही तुटतोच. प्रॉडक्शनवर लावून बघा एकदा.

परभणीकर: हे कॉलेजात कुणी शिकवलं का? आमच्याकडं ओएसचं प्रॅक्टिकल म्हणजे बँकर्स अल्गोरिदम उतरवून काढायचा, फाइलवर सही घ्यायची. जीडीबी हा डीबगर पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, नोकरीला लागल्यावर.

लातूरकर: पुण्याचं कौतुक पुरे! लॅबमध्ये लिनक्स होतं ना? मग कामून नाही उघडलं? मी हॉस्टेलच्या जुन्या मशीनवर रात्र रात्र कर्नल कंपाइल केलाय.

परभणीकर: लॅबला कुलूप असायचं. चावीवाले सर चारला घरी. घरी कॉम्प्युटर घ्यायची ऐपत नव्हती, त्या वर्षी सोयाबीन पाण्यात गेलं होतं. तुम्ही कुणाला सांगायलात?

लातूरकर: बरं, कुलपाचं मान्य. पण नोकरी लागल्यावरही किती जण मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) उघडतात?

जालनेकर: मूळ मुद्द्यावर या. फेडोरा ३८ आणि उबुंटू २४.०४ ने फ्रेम पॉइंटर डिफॉल्ट केले, तेवढं नांदेडकरांचं खरं धरतो. पण फंक्शनच्या सुरुवातीलाच, आरबीपी सेट व्हायच्या आत सॅम्पल पडलं तर कॉलर (बोलावणारं फंक्शन) यादीतून गळतो. ते का नाही लिहिलं?

नांदेडकर: गळतो, पण तो एकच. पुढची साखळी शाबूत राहते. आणि पोस्टवाल्याने आधी हे सांगावं की त्याचा प्रोग्रॅम जावाचा आहे का. तसं असेल तर जावाचा प्रिझर्व्ह-फ्रेम-पॉइंटर हा पर्याय लावूनही मॅप फाइलशिवाय (पत्त्यांना फंक्शनची नावं देणारी) 'अननोन'च दिसणार. साखळी तुटणं वेगळं, सिम्बॉल (फंक्शनचं नाव) न सापडणं वेगळं. पर्फ स्क्रिप्टचं आउटपुट टाका इथं, पत्त्यांसकट.