ग्राफिक डिझाइनमध्ये मास्टर्स करावं का? तिथे नेमकं शिकवतात काय?

कागदपेन्सिल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी आज लिहितेच. मी ग्राफिक डिझाइनची डिग्री केली आणि त्यानंतर चार वर्षं नोकरी करतेय, आधी एका छोट्या स्टुडिओत आणि आता एजन्सीत. काम वाईट नाहीये पण सोशल मीडियाच्या पोस्ट, पॅकेजिंगची वेगवेगळ्या साइजमधली ॲडॉप्टेशन्स, कधीतरी एखादा लोगो, हेच चाललंय आणि हल्ली फाइल पाठवून झाली की वाटतं, हे मी असंच का केलं ते मलाच सांगता येत नाहीये. क्लायंटने विचारलं हाच फॉन्ट का, तर मी "क्लीन दिसतो" म्हणते. ते उत्तर मला स्वतःलाच पटत नाही.

म्हणून मास्टर्सचा विचार आहे. तिथे डिग्रीपेक्षा वेगळं काय असतं, की तेच परत, फक्त प्रोजेक्ट मोठे? डिझाइनमध्ये थिसिस म्हणजे नक्की काय लिहायचं? पोर्टफोलिओत एजन्सीची कामं चालतात का, कारण कॉलेजची कामं आता दाखवाविशी वाटत नाहीत. घरचे म्हणतात चालू नोकरी सोडू नको, आणि त्यांचंही चूक नाहीये. ज्यांनी केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा प्लीज.

निळी_शाई

मी केलंय, पाच वर्षं काम करून मग गेले. तुझं "क्लीन दिसतो" वाचलं आणि मी तेव्हा काय बोलायचे ते आठवलं.

सॉफ्टवेअर तिथे कोणी शिकवत नाही, ते येतंच असं धरून चालतात. खरा फरक ब्रीफचा आहे, म्हणजे काय आणि कशासाठी बनवायचं ते सांगणारा कागद. डिग्रीत ब्रीफ सर-मॅडम देतात, नोकरीत क्लायंट देतो, मास्टर्सला ते तुझं तुलाच लिहायचं असतं आणि ते धड लिहून होईपर्यंत अर्धा वेळ निघून जातो. सुरुवातीला मला वाटायचं आपण काहीच करत नाही आहोत, नंतर कळलं की तेच काम होतं.

माझा थिसिस सांगते. मी "आरोग्य आणि डिझाइन" असा भला मोठा विषय घेऊन गेले होते. गाइडनी पहिल्याच भेटीत विचारलं, यातला प्रश्न कुठला? माझ्याकडे नव्हताच. मग दोनेक महिने नुसतं वाचन आणि त्यात सापडलं की सारख्या दिसणाऱ्या औषधांच्या नावांत गल्लत होऊ नये म्हणून इंग्रजीत नावातला वेगळा असलेला तुकडा कॅपिटल अक्षरांत छापतात. अमेरिकेत तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००१ मध्ये जेनेरिक औषधं बनवणाऱ्यांना तसं करायला सांगितलं होतं. म्हणजे प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन, ही दोन वेगळी औषधं, नावात फरक एका "लो" चा. आणि मला वाटलं, अरे पण देवनागरीत कॅपिटल नाहीतच, मग आपण काय करायचं? हा माझा प्रश्न झाला.

मग करून बघायला लागले. "लो" बोल्ड केला तर शिरोरेषेला मध्येच पायरी पडते, कारण बोल्डची रेषा जाड आणि बाजूची बारीक, शब्द मोडल्यासारखा दिसतो. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेषाच तुटते. रंग बदलायला गेलं आणि तो बदल जोडाक्षराच्या मधोमध आला, की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षर फुटून मधे पाय मोडलेलं अक्षर दिसतं. यातली प्रत्येक गोष्ट मी भिंतीवर लावली, प्रिंट काढून, खऱ्या साइजमध्ये.

आणि मग ते नमुने वयस्कर लोकांना दाखवले तेव्हा सगळंच उलटंपालटं झालं, कारण ते नाव वाचतच नव्हते! स्ट्रिपचा रंग, गोळीचा आकार आणि "रात्रीची" किंवा "सकाळची" एवढ्यावर त्यांचं चालायचं. मी तीन दिवस सुन्न होते. पण गाइड म्हणाले की आता तुझा थिसिस सुरू झाला, आणि खरंच तसंच झालं. शेवटी नावाऐवजी गोळी घ्यायची वेळ आणि डोस यांची मांडणी हा माझा विषय झाला, आणि जे जे फसलं त्याचं एक अख्खं प्रकरण लिहिलं. थिसिसमध्ये "काय" लिहायचं तर हे. काय विचारलं, काय करून बघितलं, कुठे फसलं, त्यावरून काय कळलं.

परत करेन का? हो. पण डिग्रीनंतर लगेच गेले असते तर वाया गेलं असतं असं मला मनापासून वाटतं.

तिसरा_ड्राफ्ट

मी दुसरी बाजू मांडतो. मला ॲडमिशन मिळत होती, मी गेलो नाही, आणि त्याबद्दल खंत नाहीये.

कागदपेन्सिल, तुमचा त्रास खरा आहे पण "हे असं का" याची निम्मी उत्तरं कॉलेजात न जाताही मिळतात. फिका राखाडी मजकूर का नको? तर वेबवरच्या मजकुरासाठी डब्ल्यूसीएजी नावाचे नियम आहेत, त्यात साध्या आकाराच्या अक्षरांना पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१. मोजायचा आणि क्लायंटला आकडा दाखवायचा, वाद संपतो. मी सहा वर्षं एक वही ठेवलीय, प्रत्येक कामानंतर तीन निर्णय लिहायचे आणि प्रत्येकापुढे कारण. सुरुवातीला कारणाचा रकाना रिकामाच राहायचा आणि तो रिकामा रकाना बघूनच मी वाचायला लागलो.

पगार वाढावा, मोठ्या कंपनीत जावं, यूआय मध्ये (ॲप-वेबसाइटच्या स्क्रीनच्या डिझाइनमध्ये) शिरावं, हे हेतू असतील तर पोर्टफोलिओ सुधारा, दोन वर्षं आणि तेवढे पैसे घालवू नका. पुढे शिकवायचं असेल तर मात्र बहुतेक ठिकाणी मास्टर्स लागतंच. आणि एक गोष्ट मला मिळाली नाही हे प्रामाणिकपणे सांगतो, ती म्हणजे क्रिट. रोज आठ-दहा जण तुमच्या कामासमोर उभे राहून बोलतायत, त्यात कोणाचाही स्वार्थ नाही. नोकरीत असं होत नाही, तिथे सगळ्यांना डेडलाइन दिसत असते.

समास

मी काही वर्षं प्रवेशाचे पोर्टफोलिओ बघतो त्यामुळे त्या भागाबद्दल लिहितो.

एजन्सीची कामं जरूर टाका. फक्त प्रत्येकाखाली त्यात तुमचा वाटा कुठला ते स्पष्ट लिहा, आणि क्लायंटशी गोपनीयतेचा करार असेल तर परवानगीशिवाय टाकू नका. सगळ्यात जास्त निराशा होते ती पंचवीस चकचकीत मॉकअप बघून. पिशवीवर लोगो, मगवर लोगो, भिंतीवर लोगो, आणि तो लोगो कसा झाला याचा पत्ताच नाही. त्यापेक्षा पाच-सहा कामं द्या आणि त्यातल्या दोनांची कच्ची स्केचेस, टाकून दिलेले पर्याय, ते का टाकले, हे दाखवा. फसलेलं काम दाखवायला लोक घाबरतात पण मी तिथेच जास्त वेळ थांबतो.

अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या स्टेटमेंटचं पण तेच. "मला लहानपणापासून चित्रकलेची आवड" यावर सुरू झालेली इतकी वाचलीत की पुढचं वाक्य मला पाठ असतं. त्यापेक्षा तुम्हाला खटकलेली एक गोष्ट लिहा. मी विद्यार्थ्यांना नेहमी अमेरिकेच्या २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या, फ्लोरिडा राज्यातल्या मतपत्रिकेचं उदाहरण देतो, जिथे उमेदवारासमोरचं भोक पाडून मत द्यायचं होतं. पाम बीच काउंटीत वयस्कर मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी केली, त्यामुळे उमेदवार एका पानावर मावेनात, म्हणून नावं डावी-उजवीकडे दोन पानांवर गेली आणि भोकं मधे एका रांगेत. डावीकडच्या यादीत गोर दुसरे, पण त्यांचं भोक तिसरं, दुसरं भोक समोरच्या पानावरच्या बुकॅनन यांचं. गोर यांना मत द्यायला आलेल्या कित्येकांनी चुकीचं भोक पाडलं, आणि त्या राज्यात गोर हरले ते ५३७ मतांनी. हेतू चांगलाच होता हो. अक्षराचा आकार बदलला की बाकीच्या मांडणीचं काय होतं, हा मास्टर्सच्या पातळीचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर "क्लीन दिसतं" मध्ये मिळत नाही.

निळी_शाई यांनी जे केलं त्याला नावही आहे. ख्रिस्तोफर फ्रेलिंग या ब्रिटिश अभ्यासकांनी १९९३ मध्ये कला आणि डिझाइनमधल्या संशोधनाचे तीन प्रकार मांडले, डिझाइनविषयी, डिझाइनसाठी आणि डिझाइनमधून. तिसऱ्यात बनवणं हीच शोधायची पद्धत असते. कोर्स निवडताना तो यातल्या कशाकडे झुकतो ते बघा, नावावर जाऊ नका. ब्रिटनमधले एमए बहुतेक एका वर्षाचे, फार धावपळ होते, अमेरिकेतले एमएफए साधारण दोन वर्षांचे. आणि फक्त अक्षरांचंच वेड असेल तर रेडिंग विद्यापीठ किंवा हेगची रॉयल अकॅडमी इथे टाइप डिझाइनचे, म्हणजे फॉन्ट घडवण्याचे, स्वतंत्र मास्टर्स आहेत. अर्ज करण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांचे थिसिस वाचा, माहितीपत्रकापेक्षा त्यातून जास्त कळतं.

कागदपेन्सिल

बापरे, इतकं सविस्तर लिहाल असं वाटलं नव्हतं, तिघांचे मनापासून आभार. वहीची आयडिया आजच सुरू केली, पहिल्या कामाचे तीनही रकाने रिकामे.

समास सर, "खटकलेली गोष्ट" वाचून काल रात्रभर विचार केला. आमच्याकडे पॅकच्या मागच्या बाजूचं मॅटर इंग्रजीत सेट होऊन येतं आणि मी त्यात मराठी बसवते, पॉइंट साइज तीच ठेवायची असा नियमच आहे. इंग्रजी ७ पॉइंट तर मराठी पण ७. आणि त्यात वेलांट्या, रफार, उकार सगळे चिकटतात, अनुस्वार तर छपाईत कधीकधी गायबच होतो. मी हे दोनदा बोलून दाखवलं, "जागा नाहीये" म्हणाले, मी गप्प बसले कारण माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. हा प्रश्न होऊ शकतो का? की फार छोटा आहे?

निळी_शाई

छोटा आहे म्हणूनच चांगला आहे गं! देवनागरीला वरती मात्रा आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागते म्हणून त्याच पॉइंटमध्ये मूळ अक्षराच्या वाट्याला कमी उंची येते, ते लहान दिसणारच. पण किती वाढवलं म्हणजे इंग्रजीच्या बरोबरीने वाचता येतं, प्रत्येक फॉन्टला वेगळं लागतं का, आणि वाढवलं की ते पॅकवर मावतं का, हे तुला शोधता येईल. ॲडमिशनची वाट बघू नकोस. एकच मजकूर ७, ८, ९ पॉइंटमध्ये, दोन-तीन फॉन्टमध्ये, तुमच्या पॅकच्या कागदासारख्याच कागदावर प्रिंट कर आणि चष्मा लावणाऱ्या चार-पाच जणांना वाचायला दे. कुठे अडखळले ते लिहून ठेव.

समास

आणि त्या प्रिंट फेकू नका, पोर्टफोलिओत पहिल्या पानावर त्याच येऊ देत.

कागदपेन्सिल

शनिवारी सुट्टी आहे, तेव्हा काढते प्रिंट. चार फॉन्ट निवडलेत. फोटो इथेच टाकेन.