१,९०० मीटरच्या धावपट्टीवरून आठ तासांचं थेट उड्डाण: नेमकं कुठे अडतं?

मार्गशोधक:
एका छोट्या विमानतळावरून मोठ्या हबपर्यंत (जिथून पुढची जोड-उड्डाणं मिळतात असा विमानतळ) थेट सेवेचा अभ्यास चालू आहे. धावपट्टी १,९०० मीटर, समुद्रसपाटीपासून उंची २,००० फूट, उन्हाळ्यात दुपारी ३८ अंश. अंतर ३,५०० नॉटिकल मैल. एअरबसच्या ए३२१एलआर या लांब पल्ल्याच्या विमानाचा पल्ला कंपनी ४,००० नॉटिकल मैल सांगते, म्हणजे अंतर पल्ल्याच्या आत आहे. तरी ज्यांना विचारावं ते म्हणतात, छोट्याकडून निघताना वाटेत इंधनासाठी थांबावं लागेल. का? आणि धावपट्टी ३०० मीटरने वाढवली तर प्रश्न सुटेल का?

डेन्सिटी_अल्टिट्यूड:
४,००० हा आकडा लांब धावपट्टीवरून ९७ टनांनिशी निघणाऱ्या विमानाचा आहे. तुमच्याकडे आधी बघायचं ते त्या दुपारी किती वजन उचलता येईल हे.

२,००० फुटांवर प्रमाण तापमान ११ अंश. तुमचे ३८, म्हणजे २७ जास्त. दर अंशाला साधारण १२० फूट धरा: ३,२४० अधिक २,०००, म्हणजे विमानाला वाटतं आपण ५,२०० फुटांवरच्या धावपट्टीवर उभे आहोत. या भासमान उंचीला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. हवा विरळ, त्यामुळे पंखांना उचल मिळायला जास्त वेग लागतो आणि तो गाठायला इंजिनाचा जोर मात्र कमी. शिवाय व्ही-१ ला (टेकऑफ रद्द करायचं ठरवता येतं तो शेवटचा वेग) एक इंजिन गेलं तर उरलेल्या पट्टीत थांबताही आलं पाहिजे किंवा उडताही. छोट्या पट्टीवर वजन कापलं जातं ते बहुधा इथेच.

आता हिशेब. आठ तास गुणिले ताशी अडीच टन म्हणजे २० टन. त्यावर ५ टक्के आकस्मिक, पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि शेवटच्या ३० मिनिटांचं राखीव धरलं की २४ च्या आसपास. रिकामं विमान कर्मचारी-खानपानासह ५३ धरा. समजा परफॉर्मन्स तक्त्याने (त्या पट्टीवरून त्या तापमानाला किती वजन उचलता येईल ते सांगणारा) ८५ टनच दिले. उरले ८. सामानासह माणशी १०० किलो, म्हणजे ८० प्रवासी. १८० आसनांच्या विमानात ८०! थांबा घेतला तर पहिल्या टप्प्यापुरतं इंधन भरून सगळी आसनं विकता येतात. (८५ हा आकडा केवळ समजुतीसाठी. खरा तक्ता विमान कंपनीकडूनच घ्या, इंजिनाच्या प्रकारानुसार तो बदलतो.)

स्वस्त उपाय म्हणजे वेळ बदला. पहाटे २२ अंशांना हीच डेन्सिटी अल्टिट्यूड ३,३०० वर येते. टेकऑफपुरते एसीचे पॅक (इंजिनातली हवा घेऊन चालणारी वातानुकूलन यंत्रं) बंद ठेवले की थोडा जोर आणखी मिळतो, पण त्यावर मार्ग उभा करू नका.

शेवटचा_खांब:
एक गोष्ट लोक विसरतात: हे दुखणं एकतर्फी आहे. मोठ्याकडून येताना पट्टी हवी तेवढी लांब असते आणि छोट्यावर उतरेपर्यंत इंधन जळून विमान हलकं झालेलं असतं. नमुना लंडन सिटीचा. तिथली धावपट्टी १,५०८ मीटर, उतरण्याचा कोन नेहमीच्या ३ ऐवजी ५.५ अंश. ब्रिटिश एअरवेजने २००९ पासून तिथून न्यूयॉर्कला ए३१८ चालवलं, आसनं फक्त ३२. जाताना आयर्लंडमधल्या शॅनन इथे इंधन भरायचं, आणि तेवढ्यात प्रवाशांचं अमेरिकी इमिग्रेशनही तिथेच उरकायचं. परतताना थेट, शिवाय पाठीवर वारा. २०२० मध्ये ती सेवा बंद झाली.

उतरण्याचाही हिशेब मात्र करा. जेटला डिस्पॅचच्या वेळी, म्हणजे निघण्याआधीच्या नियोजनात, उपलब्ध अंतराच्या ६० टक्क्यांत थांबणं दाखवावं लागतं: १,९०० चे १,१४०. ओल्या पट्टीसाठी आवश्यक अंतर १५ टक्के वाढतं, म्हणजे हातात साधारण ९९० मीटर. छोट्याकडे इंधन महाग म्हणून परतीचं मोठ्याकडूनच भरून आणायचा विचार असेल, तर विमान उतरताना जड राहील आणि तो बेत इथे बारगळतो.

मार्गशोधक:
हे पटलं. ३०० मीटरचं काय?

डेन्सिटी_अल्टिट्यूड:
डांबर किती टाकलं याला अर्थ नाही, घोषित अंतर (टेकऑफ-लँडिंगच्या हिशेबात अधिकृतपणे धरता येणारी लांबी) किती वाढलं ते बघा. पट्टीनंतर ६० मीटरची स्ट्रिप (सपाट मोकळी जागा) आणि तिच्यापुढे, विमान पट्टीबाहेर गेलंच तर म्हणून, धावपट्टी सुरक्षा क्षेत्र लागतं, शिफारस २४० मीटरची. दोन्हींची बेरीज ३००! आज ते क्षेत्र अपुरं असेल तर तुमची अख्खी वाढ तेच गिळेल.

दुसरं, टेकडी. एका इंजिनावर, चाकं आत घेतल्यानंतरच्या टप्प्यात दोन इंजिनांच्या विमानाला २.४ टक्के चढ हवा. अडथळ्यासाठी प्रत्यक्ष चढातून ०.८ टक्के वजा करून उरलेल्या वाटेने ३५ फूट वरून जायचं. वजन टेकडीमुळे अडत असेल तर पट्टी त्याच दिशेला वाढवून हाती काही लागत नाही. उलट टोकाला वाढवली तर विमान लवकर उचलतं, टेकडी येईपर्यंत उंची मिळते.

विमानतळाची अग्निशमन श्रेणीही विचारा; ती विमानाच्या आकारावर ठरते. ए३२१ची लांबी ४४.५ मीटर, म्हणजे श्रेणी ७. ए३२०पुरती श्रेणी ६ असेल तर बंब, पाणी, माणसं सगळंच वाढवावं लागेल.

पर्यायी_विमानतळ:
इंधनाच्या हिशेबात 'पर्यायी विमानतळ' (ठरलेल्या जागी उतरता आलं नाही तर जिथे जायचं तो) हा शब्द सहज येऊन गेला. जवळ तसा नसेल तर खेळच बदलतो. एकाकी विमानतळ ठरला की जेटला तिथे पोचल्यावरही दोन तासांचं इंधन उरावं लागतं, शेवटचं राखीव त्यात धरून. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटाची जोहान्सबर्गहून नियमित सेवा ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली ती नामिबियातल्या विंडहूकच्या थांब्यासह, आणि एम्ब्राएर १९०च्या ९९ पैकी ७६ आसनांवरच माणसं बसवून.

स्लॉट_शनिवार:
पहाटे निघा म्हणणाऱ्यांनी दुसरं टोक बघितलंय का? पहाटे ५ ला निघून आठ तासांनी पोचताना हबची जोड-उड्डाणांची लाट गेलेली असेल, तर निम्मे प्रवासी तिथेच गळतील. स्लॉट-नियंत्रित विमानतळावर, जिथे उतरायची-निघायची वेळ (स्लॉट) वाटून दिली जाते, हक्क मिळतो तो स्लॉटच्या मालिकेवर: मालिका म्हणजे त्याच वारी, साधारण त्याच वेळी किमान पाच स्लॉट, आणि ८० टक्के वापरले नाहीत तर पुढच्या मोसमात हक्क जातो. म्हणून आधी हबवर कुठली वेळ मिळते ते विचारा, तिच्यावरून मागे मोजत छोट्याकडची निघण्याची वेळ काढा, आणि त्या वेळेचं तापमान घालून वजन मोजा. ३८ अंश गृहीत धरून केलेला हिशेब कदाचित तुम्हाला लागायचाच नाही.