मदत हवी आहे: फसवून घेतलेलं खरेदीखत, मुदत आडवी येते का?

गोदाकाठ
नाशिकला वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात दावा टाकायचाय. गिरणारे शिवारातली शेतजमीन, 2018 चं नोंदणीकृत खरेदीखत, फसवून करून घेतलेलं. समोरचे मुदतीवर बोट ठेवून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 7 रूल 11 चा (दावा सुरुवातीलाच फेटाळा म्हणणारा) अर्ज देणारच. खत मुळातच व्हॉइड (पहिल्यापासून शून्य) म्हणून नुसतं डिक्लरेशन (तसं कोर्टाने जाहीर करणं) मागितलं तर तीन वर्षांच्या मुदतीच्या कचाट्यातून सुटतो का? उद्या सिनिअरना मसुदा दाखवायचाय, लवकर सांगा.

पंचवटीकर
सुटता की! सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, चेंगलवराया नायडू, 1994. फ्रॉड असेल तर सगळं शून्य, कुठल्याही कोर्टात, कधीही.

रुजुवात
तो निकाल कोर्टाला फसवून मिळवलेल्या हुकूमनाम्याचा आहे. तिथे वादीने हक्कसोडपत्र दडवून वाटपाचा हुकूमनामा घेतला होता. दोघांतल्या खताला करार कायद्याचं कलम 19 लागतं, आणि तिथे फ्रॉडचा परिणाम व्हॉइडेबल, म्हणजे फसलेल्याने रद्द करून घेईपर्यंत खत चालू.
गोदाकाठ, सही कुणाची? कशाची म्हणून घेतली? कळलं कधी? ताबा कुणाकडे?

गोदाकाठ
अंगठा वादीचाच. वय सत्तरच्या पुढे, निरक्षर. पुतण्याने नेलं होतं. फ्रॉड उघड आहे हो.

सातबारा
आधी फेरफार रद्द करून घ्या. जमीन महसूल संहितेच्या कलम 247 खाली प्रांतांकडे अपील करा, उशीर माफीचा अर्ज जोडा.

रुजुवात
सातबारा, फेरफाराने मालकी ठरत नाही आणि प्रांत खरेदीखत रद्द करू शकत नाहीत. प्रश्न तो नाहीच.
गोदाकाठ, "उघड आहे" हे दाव्यात चालत नाही. ऑर्डर 6 रूल 4 प्रमाणे तपशील लागतो: कोण, कुठल्या तारखेला, काय बोललं, त्यात खोटं काय, आणि त्यावर विसंबून वादीने काय केलं. नुसतं "फसवणूक करून" लिहिलंत तर पुरावा द्यायलाच जागा उरत नाही.

गोदाकाठ
20 आर विकतोय असं सांगितलं. खतात 80 आर. पैसे 20 आरचेच दिले. कळलं गेल्या वर्षी, सोसायटीच्या कर्जासाठी उतारा काढला तेव्हा.

रुजुवात
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, सगळं उत्तर यावर फिरतं. निंगव्वा वि. बायरप्पा (1968) बघा. कागद कुठल्या प्रकारचा आहे याबद्दलच फसवलं, म्हणजे मुखत्यारपत्र सांगून खरेदीखत केलं, तर व्हॉइड. कागद खरेदीखतच, पण आतल्या मजकुराबद्दल फसवलं तर व्हॉइडेबल. तुमचं दुसऱ्यात बसतं. म्हणजे मुदत कायद्याचा अनुच्छेद 59, तीन वर्षं, पण खत रद्द करण्याचा हक्क देणाऱ्या गोष्टी वादीला कळल्यापासून. व्हॉइडच्या मागे धावू नका, मुदत तुमच्या बाजूची आहे.
आणि खत करून देणाराच वादी असेल तर नुसतं डिक्लरेशन पुरत नाही. सुहृद सिंग (2010) प्रमाणे स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 31 खाली खत रद्द करून मागा.

पंचवटीकर
नोंदणी झाली की माहिती गृहीत धरतात. दिलबू वि. धनराजी (2000).

रुजुवात
समोरचे तो निकाल देणारच. उत्तर तयार ठेवा: मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 3 मधलं ते गृहीतक जमीन घेणाऱ्यासाठी आहे, खत करून देणाऱ्या निरक्षरासाठी नाही. म्हणून उतारा काढल्याची तारीख, तो का काढला, आधी का काढावा लागला नाही, हे स्वतंत्र परिच्छेदात लिहा आणि तारखेचा उतारा जोडा. रूल 11 मध्ये कोर्ट दाव्यातलाच मजकूर आणि सोबतचे कागद बघतं.
"पैसे पूर्ण मिळाले नाहीत" हे रद्द करण्याचं कारण करू नका. दहिबेन (2020) मध्ये तेवढ्यावर दावा टिकला नाही, मुदतीवरच फेटाळला गेला. कमी पैसे हा फक्त 20 आरच्या व्यवहाराचा पुरावा म्हणून मांडा.

पंचवटीकर
मग फसवणुकीचा गुन्हा तरी नोंदवा, भारतीय न्याय संहिता 318(4).

रुजुवात
घटना 2018 ची, न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून. लागलं तर भादंवि 420. फिर्याद दिली म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही.

सातबारा
वादी बाई असतील तर 1994 च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. मालमत्तेचा वाद त्यात येतो.

गोदाकाठ
बाईच आहेत. धन्यवाद. पूर्ण खत रद्द मागू की 60 आरपुरतं?

रुजुवात
त्याच स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम 32 अंशतः रद्द करू देतं. मुख्य मागणी 60 आरपुरती ठेवा. पूर्ण रद्द मागितलंत तर कलम 33 खाली कोर्ट घेतलेले पैसे परत करायला लावू शकतं. पुतण्या विश्वासातला होता, त्यामुळे पर्यायी म्हणून करार कायद्याच्या कलम 16 चा अनुचित प्रभावही तपशिलासकट मांडा. ताब्याचं अजून सांगितलं नाहीत.

गोदाकाठ
20 आर पुतण्याकडे, बाकी वादीच कसतात.

रुजुवात
मग ताबा मागायची गरज नाही, कायम मनाई मागा. तात्पुरत्या मनाईचा अर्ज दाव्यासोबतच द्या, आणि दावा दाखल झाला की लिस पेंडन्सची (जमिनीवर दावा चालू असल्याची) नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, पुतण्या पुढे विकायच्या आत.