कोळी मरेना! तीन फवारण्या झाल्या, मदत हवी आहे

वारणाकाठ: पंधरा दिवसांत तीन फवारण्या झाल्या, पानाचा रस शोषणारी ही बारीक कोळी कीड हटेना. पानं पिवळी पडून गळाय लागलीत. पहिल्या वेळी दोन दिवस बरं वाटलं, आता औषध म्हणजे नुसतं पाणी. दुकानदार म्हणतोय डोस दुप्पट करा. काय मारू? लवकर सांगा, उद्या सकाळी पंप काढायचाय.

बांधावरचा: पीक कुठलं ते तरी सांगा राव!

वारणाकाठ: पपई. हातकणंगले.

सात_बारा: पपई म्हणजे व्हायरसच. उपटा आणि ऊस लावा, डोक्याला ताप नाही.

वारणाकाठ: व्हायरस नाही ओ. पान पांढऱ्या कागदावर झटकलं की ठिपके चालाय लागतात. बोट फिरवलं तर तांबडी रेघ उठते. पानाखाली जाळी पण आहे.

बांधावरचा: मग कोळीच. मारलं काय काय? बाटलीचं नाव नको, खाली बारीक अक्षरातला घटक वाचा.

शिवारताई: आम्ही गंधक मारतो. स्वस्त आणि मस्त.

बांधावरचा: ताई, मार्चच्या उन्हात गंधक? पानं करपतील.

शिवारताई: संध्याकाळी मारतो आम्ही. दहा वर्षांत एक पान करपलं नाही. पुस्तकी सांगू नका.

वारणाकाठ: वाचलं. कंपन्या तीन, पण तिन्हीत अबामेक्टिनच निघालं!! मधी पिठ्या ढेकणासाठी सायपरमेथ्रिन मारलेलं, ते मोजलं नव्हतं.

बांधावरचा: तिथंच घोळ झाला. असल्या उन्हात आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. तेच औषध परत परत मारलं की त्याला न जुमानणारे तेवढे उरतात, पुढची पिल्लावळ त्यांचीच. डोस वाढवून आणखी चिवट उरतील. सायपरमेथ्रिननं कोळी खाणारे मित्रकीटकही मेले. आता औषधाचा गट बदला, म्हणजे वेगळ्या तऱ्हेनं कोळी मारणारं, स्पायरोमेसिफेनसारखं काहीतरी. पपईला शिफारस आहे का ते लेबलवर बघा, नाहीतर कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात पान घेऊन जा. आणि नोझल पानाखाली धरा, वरनं मारून उपयोग नाही.

सात_बारा: डायकोफॉल मारा. आमच्या वडिलांनी आयुष्यभर तेच मारलं.

शिवारताई: 2023 लाच बंदी आली त्यावर.

वारणाकाठ: बरं, शनिवारी पहिला तोडा आहे. तोपर्यंत मारलं तर चालेल ना?

बांधावरचा: हे आत्ता सांगताय? उद्या औषध अजिबात नको, तोड्याच्या फळात अंश राहील. नुसत्या पाण्यानं पानं खालून जोरात धुवा. शेवटचं अबामेक्टिन कुठल्या तारखेला मारलं ते आधी सांगा.

सात_बारा: यंदा उसाला कारखान्याची पहिली उचल किती बसली कुणाला?