अनुभव धागा: अमेरिकेतल्या छोट्या गावातली चार जुलैची (तिथल्या स्वातंत्र्यदिनाची) परेड

आज गराज आवरताना घडीची खुर्ची सापडली, पाठीला अजून आमच्या आडनावाची पट्टी. एकदम सीवर्ड आठवलं. नेब्रास्का, लिंकनहून 25 मैल. शेजारीण म्हणाली होती, आदल्या रात्रीच खुर्च्या मांडून ये, कोणी हलवणार नाही. त्या वर्षी सासरे आलेले, 1971 च्या लढाईतले जवान. माजी सैनिकांची तुकडी आली तसा अख्खा रस्ता उभा राहिला, टोप्या उतरल्या. सासऱ्यांनी ताठ सॅल्यूट ठोकला. एक म्हातारा रांग सोडून आला आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन उभा राहिला. भाषा दोघांना एकमेकांची येत नव्हती. सासरे आता नाहीत. तुम्हीही लिहा.

तिखटमीठ: वाचून डोळे भरले गं. आमच्याकडे बंबावरून टुटसी रोल, म्हणजे चॉकलेटच्या गोळ्या, उधळतात. लेकीने फ्रॉकच्या ओच्यात गोळा केलेले, उन्हाने सगळे विरघळून कापडाला. डाग गेलाच नाही, फ्रॉक जपून ठेवलाय.

सांगलीकर: ट्रॅक्टरचं कुणीच बोलंना! आयोवात जुने दोन सिलिंडरचे जॉन डिअर येतात, फट्‌ फट्‌ करत. 1960 नंतर ते बंद झाले. आमचे दादा परेड सोडून त्यातल्या एकामागं चालत गेले, शेवटी मालकानं वर बसवलं. येताना रस्त्याकडंचा मका बघून म्हणाले, कमरेला लागला की. तिथली जुनी म्हण चार जुलैला गुडघाभर अशी आहे.

पावसाळी: सीवर्डलाच ना ती टाइम कॅप्सूल? 1975 ला पुरली, आत चक्क शेव्हरोले व्हेगा गाडी, 50 वर्षांनी उघडायची म्हणून.

अबोली: मे महिन्यातलं चालेल का? पेल्ला, आयोवा, ट्यूलिप टाइम नावाचा फुलांचा उत्सव. 1847 ला डच लोकांनी वसवलेलं गाव. परेडआधी लाकडी बूट घालून बायामाणसं बादल्या-झाडू घेऊन रस्ता धुतात. आई म्हणाली, पालखी यायच्या आधी आपण सडा घालतो तसंच की. मग तिनेही एकीचा झाडू मागून घेतला. कुकर झाला, येते नंतर.

तिखटमीठ: अबोली, तिथली बदामाचं सारण भरलेली एस आकाराची डच लेटर्स खाल्लीस का?

अबोली: चार आणली, घरी पोचेपर्यंत एक उरलं, ते आईला दिलं.

सांगलीकर: लिंकनला ऑगस्टात भाच्याला खोली पाहिजे, कुणी आहे का तिकडं?

पावसाळी: आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.