बूस्ट पेडल: आवाज वाढतो, उठतो की फाटतो?

विचारणा

आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये यंदा नवी मुलं आली आहेत. बहुतेक मराठी माध्यमातली, दोघं-तिघं सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी. त्यांच्यासाठी मी गिटारच्या पेडलांची (पायाने दाबून आवाज बदलायच्या पेट्यांची) साधी टिपणं मराठीत लिहायला घेतली आहेत. 'बूस्ट'पाशी गाडी अडली. 'आवाज वाढवणारं पेडल' असं लिहिलं तर एकाने लगेच विचारलं, "मग गिटारवर व्हॉल्यूमचं बटण कशाला दिलंय?" 'ध्वनिवर्धक' म्हणावं तर डोळ्यांपुढे मंडपाच्या खांबाला बांधलेला कर्णा येतो. बूस्ट, गेन, ड्राइव्ह, लेव्हल यांतला फरक मराठीत कसा सांगायचा? नवा शब्द घडवावा का? जाणकारांनी सांगावं. जुळे सोलापुरात राहतो, कोणी जवळपास असेल तर भेटायलाही येईन.

प्रतिसाद

नवा शब्द घडवू नकोस. 'बूस्ट' तसाच राहू दे. नाम बाहेरून आलं म्हणून काही बिघडत नाही, क्रियापद मात्र आपलं हवं. तुझी अडचण 'वाढवणे' या क्रियापदामुळे झाली आहे. बूस्ट पेडल प्रत्येक वेळी आवाज वाढवतंच असं नाही. ते सिग्नल वाढवतं. त्या वाढलेल्या सिग्नलचं पुढे काय होणार, हे पुढे काय जोडलंय त्यावर ठरतं.

'बूस्टर' हा शब्द आपल्याकडे गिटारमुळे आलेला नाही. दूरदर्शनच्या काळात गच्चीवर अँटेना असायचा आणि चित्र धूसर दिसलं की लोक बूस्टर बसवायचे. चांगला बूस्टर वर अँटेनाच्या काठीलाच बसवत, कारण लांबलचक वायरीतून खाली येईपर्यंत सिग्नल आणखी मरायचा. पण बूस्टर लावला की चित्राबरोबर मुंग्याही वाढायच्या. गिटारचं बूस्ट पेडल हुबेहूब असंच वागतं. पिकअपमधून (तारांची कंपनं टिपून त्यांचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागातून) निघणारा सिग्नल मुळात अशक्त असतो, पेडल त्याला जोर देतं, आणि सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची घरघर त्यात असेल तर तिलाही तेवढाच जोर मिळतो. तुझ्या टिपणात हे एक वाक्य नक्की घाल: बूस्ट चांगलं-वाईट निवडत नाही, जे आत येतं ते सगळं मोठं करतं.

आता क्रियापदांकडे येऊ. आपल्याकडचे साऊंडवाले आणि वादक रोज वापरतात ते शब्द आठव. 'गिटार जरा उचल', 'आवाज बसतोय', 'आवाज फाटतोय', 'दाट येऊ दे', 'पातळ पडलं', 'चिरकं लागतंय', 'घुमतंय'. यातल्या प्रत्येक शब्दाला बूस्टच्या संदर्भात नेमका अर्थ आहे.

उचलणे: अँप (सिग्नल मोठा करून स्पीकरमधून ऐकवणारी पेटी) स्वच्छ वाजतोय, त्याच्यात अजून जागा शिल्लक आहे. अशा वेळी बूस्ट दाबलं की आवाज खरोखर मोठा होतो, पोत जवळपास तोच राहतो. गिटार बाकीच्या वाद्यांच्या वर येते. इथे 'आवाज उचलला' हेच योग्य.

फाटणे: ट्यूब अँप (काचेच्या नळ्यांवर चालणारा) आधीच काठावर आहे, जोरात छेडलं तर किंचित फुटतोय. आता बूस्ट दाबलं तर आवाज फारसा मोठा होत नाही, कारण अँपची मोठं होण्याची हद्द संपलेली असते. लहरीची टोकं कापली जातात, नवे उपस्वर (मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे सूर) जन्मतात, सूर जास्त वेळ टिकतो, हलक्या आणि जोरकस आघातांतलं अंतर कमी होतं. मराठीत याला 'आवाज फाटला' म्हणतात आणि माईकबद्दल बोलताना ती तक्रार असते. गिटारवाल्यासाठी मात्र तेच मागणं असतं. थोडं फाटलं तर मी 'दाटला' म्हणेन, पुरतं फाटलं तर 'फाटला'.

म्हणजे पेडल तेच, त्याचं बटणही त्याच जागी, पण एका अँपवर आवाज उचलला जातो आणि दुसऱ्यावर दाटतो. 'वाढवणे' या एका क्रियापदात हे दोन्ही बसत नाही, म्हणून तुझ्या त्या मुलाला प्रश्न पडला. त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर असं दे: गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण सिग्नल कमी करू शकतं, पिकअपने दिलं त्यापेक्षा जास्त करू शकत नाही. बूस्ट जास्त करू शकतं.

प्रतिसाद

मी पेडल-दुरुस्तीच्या बाजूने बोलतो. किती जास्त, तेही टिपणात यावं, नाहीतर पोरांना सगळं जादूसारखं वाटतं. 6 डेसिबल म्हणजे व्होल्टेज दुप्पट, 20 डेसिबल म्हणजे दहापट. एमएक्सआर कंपनीचं मायक्रो अँप हे बूस्ट पेडल 26 डेसिबलपर्यंत जातं, म्हणजे सुमारे वीसपट. कानाला मात्र वीसपट मोठं वाटत नाही. साधारण 10 डेसिबल वाढले की माणूस 'दुप्पट झालं' म्हणतो. त्यामुळे 'गेन' या शब्दाला मराठीत 'पट' का म्हणू नये? 'याची पट किती?' असं आम्ही वर्कशॉपमध्ये सहज विचारतो.

आणि आतमध्ये फार काही नसतं हो. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा एलपीबी-1 हा 1960 च्या दशकाच्या अखेरीस आलेला बूस्टर. एक ट्रान्झिस्टर, मोजके रेझिस्टर-कपॅसिटर, एक बटण, नऊ व्होल्टची बॅटरी. मुळात तो स्वतंत्र यंत्र म्हणून जन्मला नव्हता. बॉब मायर हे कंपनीचे संस्थापक माईक मॅथ्यूज यांच्यासाठी वेगळंच सस्टेनर (सूर जास्त वेळ टिकवणारं यंत्र) बनवत होते, त्यासाठी गिटारचा सिग्नल कमी पडला म्हणून पुढे ही छोटी पेटी जोडली. मॅथ्यूज यांना ती पेटीच आवडली.

प्रतिसाद

'पट' सुंदर आहे, मी वापरायला लागणार. पण 'गेन'ची खरी गोची वेगळी आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं, कारण यावरून कार्यक्रमाच्या ऐन तोंडावर भांडणं होतात.

मिक्सरवरचा गेन म्हणजे माईकचा अशक्त सिग्नल कामापुरता मोठा करणारं पहिलं बटण. तिथे तो फाटू न देणं हेच काम. गिटार अँपवरचा गेन म्हणजे अँपच्या पहिल्या टप्प्याला किती रेटायचं ते. तिथे फाटणं हेच काम. बूस्ट पेडलवरचा गेन किंवा लेव्हल म्हणजे नुसती पट. एका शब्दाची तीन कामं.

एका सभागृहात साऊंडचेक चालू होता. गिटारवाला सोलोला आला, बूस्ट दाबलं, मागच्या रांगेत मला सोलो ऐकूच येईना, नुसता दाट गिलावा येत होता. मिक्सरवरचा माणूस ओरडला, "फाटूलालाय की, गेन कमी कर!" त्याला म्हणायचं होतं की माझ्याकडे येणारा सिग्नल कमी कर. पोराने अँपचा गेन खाली आणला, सगळा अंगभर आवाज निघून गेला, वर सोलो पातळ पडला. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. शेवटी पोराने गेन होता तिथे परत आणला, मास्टर (अँपचा एकूण आवाज) थोडा उतरवला आणि बूस्ट अँपच्या इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यानंतरच्या जोडणीत, नेलं. म्हणजे फाटण्याचं काम आधी होऊन गेलं आणि फाटून तयार झालेला आवाज बूस्टने उचलला. सोलो शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ आला.

म्हणून टिपणात जागेचे शब्द हवेत. 'आधी' आणि 'नंतर' हे दोन साधे शब्द पुरतात. ड्राइव्हच्या (मुद्दाम आवाज फाडणाऱ्या पेडलच्या) आधी बूस्ट: आवाज दाटतो. ड्राइव्हच्या नंतर बूस्ट: आवाज उठतो. त्यातही पाहा, ड्राइव्ह पेडलनंतर बूस्ट ठेवलं पण पुढचा अँपच काठावर असला, तर पुन्हा अँपच दाटणार, उठणार नाही. मुलांना हे कागदावर पटत नाही. दोन्ही पेडलांची अदलाबदल करून तोच रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) वाजवायला लाव.

विचारणा

खूप स्पष्ट झालं. आता 'ट्रेबल बूस्टर'. मी 'टिपेचा बूस्टर' लिहिलंय. चालेल?

प्रतिसाद

नाही चालणार. टीप, खर्ज, मंद्र, तार हे स्वर किती उंचावर आहे ते सांगणारे शब्द आहेत. ट्रेबल म्हणजे स्वराची उंची नाही, एकाच स्वरातल्या वरच्या उपस्वरांचा वाटा. खालच्या जाड तारेवरही ट्रेबल असतोच. 'धार' हा शब्द घे. 'धार वाढली', 'धार बोथट झाली' हे आपण आवाजाबद्दल आपोआप म्हणतो. जास्त झाली की 'चिरका'.

आणि ट्रेबल बूस्टरमध्ये वाढवण्याइतकंच गाळणं महत्त्वाचं आहे. 1960 च्या दशकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये डॅलस रेंजमास्टर आला. ते पेडल नव्हतंच, अँपच्या डोक्यावर ठेवायची पेटी होती. आत ओसी-44 हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि तोंडाशी लहान कपॅसिटर, जो खालचा भाग अडवून धरतो. त्यामुळे व्हॉक्स एसी-30 सारखा अँप रेटला तरी खर्जाचा चिखल होत नाही, वरचा भाग फाटून गातो. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघर यांचा आवाज यातून आला. ब्लॅक सॅबथ बँडच्या टोनी आयोमी यांनी त्यात बदल करून घेतलेला वापरला. क्वीन बँडच्या ब्रायन मे यांची पद्धत तर तुझ्या मुलांना मुद्दाम सांग: ट्रेबल बूस्टर कायम चालू, आणि साफ आवाज हवा असेल तेव्हा गिटारचंच व्हॉल्यूम उतरवायचं. तिथे बूस्ट हा 'दाबायचा' प्रकार राहत नाही, गिटारचाच भाग होतो.

याच जातीचा दुसरा उपयोग ट्यूब स्क्रीमर या पेडलचा. नावाने ओव्हरड्राइव्ह, पण मेटल संगीत वाजवणारे त्याचं ड्राइव्हचं बटण शून्याजवळ, लेव्हल पूर्ण ठेवून आधीच फाटणाऱ्या अँपच्या पुढे लावतात. तो 720 हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग पुढे आणतो आणि खालचा आवरतो. सहावी तार 82 हर्ट्झची, तळव्याने दाबून वाजवली की एरवी 'ढब्ब' येतं ते 'धक्' येतं. मुलं याला 'टाइट' म्हणतात. मी 'आवळलेला' म्हणतो. 'बूस्टने आवाज आवळला' हे वाक्य ऐकायला विचित्र वाटेल, पण नेमकं तेच घडतं.

प्रतिसाद

जर्मेनियमचा विषय निघालाच आहे तर सोलापूरकरांनी एक लक्षात ठेवावं. जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती (नको असताना वाहणारा प्रवाह) उष्णतेने वाढते, अंदाजे दर 10 अंशांना दुप्पट. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या मांडवात दुपारी साऊंडचेक केला आणि आवाज तुटक-तुटक, गुदमरलेला यायला लागला तर पेडल बिघडलं म्हणून उघडू नका. सावलीत ठेवा, पंख्याखाली गार होऊ द्या. सिलिकॉनवाल्याला हा त्रास जवळपास नाही. शिवाय जुन्या पद्धतीच्या जर्मेनियम पेडलांत बरेचदा बॅटरीचं धन टोक ग्राउंडला (समाईक वायरीला) जोडलेलं असतं. असं पेडल बाकीच्या पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरच्या माळेत लावलं तर शॉर्ट होतं. वेगळी बॅटरी द्या.

प्रतिसाद

कोणी 'डिस्टॉर्शन'साठी, म्हणजे आवाज फाटण्यासाठी, 'जवारी' सुचवेल म्हणून आधीच लिहितो. मलाही तो शब्द फार प्रिय आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात तेव्हा तार घोडीला हलकेच घासत उपस्वर उमलवते. पण तिथे काही कापलं जात नाही. फाटण्याला जवारी म्हणणं दोन्हीवर अन्याय आहे. 'खुली जवारी, बंद जवारी' हा भेद मात्र टोनबद्दल बोलताना कान तयार करायला उपयोगी पडेल, मुलांना एकदा तंबोरा जरूर ऐकव.

विचारणा

आता मसुदा असा झालाय: "साफ बूस्ट स्वतः आवाज फाडत नाही. तो सिग्नलची पट वाढवतो. ड्राइव्हच्या आधी लावला तर आवाज दाटतो, नंतर लावला तर उठतो. आपल्या कॉलेजच्या अँपवर बूस्ट दाबल्यावर आवाज उचलला जातो." ठीक आहे का?

प्रतिसाद

पहिली तीन वाक्यं तशीच छापून भिंतीवर लाव. चौथं बदल. तुमचा अँप लहान आहे, आणि तालमीला ड्रम असतात म्हणून तो नेहमी पूर्ण वर असतो, असं तू मागे एकदा लिहिलं होतंस. त्याच्यात उचलायला जागाच नाही. तिथे 'दाटतो' लिही, आणि खाली कंसात: सोलो वर हवा असेल तर बाकीचं वाजवताना गिटारचं व्हॉल्यूम सातवर ठेवा, सोलोला दहावर न्या.